इंग्रजीतील ‘रन’ या क्रियापदाचा अर्थ वाक्यातून कसा ओळखावा

इंग्रजी शिकणारा ‘रन’ म्हणजे धावणे हा अर्थ अगदी सुरुवातीला पाठ करतो आणि पुढे वाचन वाढले की तोच अर्थ त्याला वारंवार अडवू लागतो, कारण इंग्रजीत नदी, नळ, यंत्र, नाटक, करार, रस्ता आणि बातमी या सर्वांना हेच क्रियापद लागते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे याच कोशाच्या सुधारणेचे काम चालू असताना २०११ मध्ये तो मान ‘रन’कडे गेला आणि क्रियापद म्हणून त्याच्या सहाशेहून अधिक अर्थच्छटा नोंदवल्या गेल्या. एवढे अर्थ कोणीही पाठ करू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. वाक्याची रचना नीट पाहिली, तर अर्थ बहुतेक वेळा तिच्यातूनच हाती लागतो.

सर्वप्रथम क्रियापदाला कर्म आहे का, हे पाहावे. माझ्या मते निम्मी अडचण येथेच सुटते. मराठीत यंत्र ‘चालते’ आणि आपण ते ‘चालवतो’. क्रिया आपोआप होते की कोणी करवतो, हे आपल्याला क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘रन’ हे एकच रूप येते. ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालते आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती यंत्र चालवते. जुन्या इंग्रजीत या दोन कामांसाठी दोन वेगळी क्रियापदे होती. कालांतराने ती एकमेकांत मिसळली आणि त्यांचा भार एकट्या ‘रन’वर पडला. म्हणून ‘रन’नंतर लगेच एखादे नाम आले, तर ‘धावणे’ तूर्त बाजूला ठेवून ‘चालवणे’ लावून पाहावे. ‘रन अ स्कूल’ म्हणजे शाळा चालवणे, ‘रन अ प्रोग्रॅम’ म्हणजे संगणकावर प्रोग्रॅम चालवणे. कर्मणी रचनाही अशीच उलगडते: ‘द स्कूल इज रन बाय टू सिस्टर्स’ या वाक्यात कोणी धावत नाही, शाळा दोन बहिणी चालवतात. या क्रियापदाचे तिसरे रूप मूळ रूपासारखेच असल्यामुळे ‘इज रन’ किंवा ‘हॅज रन’ दिसताच गोंधळू नये. ‘रॅन’ हे रूप मात्र केवळ भूतकाळाचे आहे.

काही नामांशी मात्र ‘रन’ची जोडी पक्की ठरलेली असते आणि तेथे ‘चालवणे’ उपयोगी पडत नाही. ‘रन अ फीवर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे, ‘रन अ टेस्ट’ म्हणजे चाचणी करणे, ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे लाल दिवा असताना वाहन पुढे नेणे, ‘रन अ स्टोरी’ म्हणजे वृत्तपत्राने बातमी छापणे आणि ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे. अशा जोड्या सुट्या शब्दांत न फोडता एकसंध लक्षात ठेवाव्यात.

कर्म नसेल, तर कर्त्याकडे वळावे. कर्ता माणूस किंवा प्राणी असेल, तर धावणे किंवा पळणे हा अर्थ बहुधा बरोबर ठरतो. कर्ता द्रव असेल, तर वाहणे. नळ किंवा नाक असले, तरी वाहते ते आतले पाणीच. कापडाचा रंग ‘रन’ होतो, तेव्हा तो धुताना सुटून दुसऱ्या कपड्याला लागतो. रस्ता, भिंत किंवा तार यांच्या बाबतीत प्रत्यक्ष हालचाल काहीच नसते. ती वस्तू कोठून कोठपर्यंत गेली आहे, एवढेच सांगायचे असते आणि मराठीतही रस्ता गावाकडे ‘जातो’च. नाटक किंवा चित्रपट कर्ता असेल, तर ‘चालणे’, करार असेल, तर ‘अमलात असणे’, आणि एखादा गुण किंवा आजार ‘रन्स इन द फॅमिली’ असेल, तर तो घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. या सर्व अर्थांमागे एखादी गोष्ट न थांबता एका दिशेने किंवा एका काळातून पुढे जात राहणे ही एकच कल्पना आहे. नवा अर्थ समोर आला की प्रथम या कल्पनेशी त्याचे नाते शोधावे. बऱ्याचदा ते सापडते.

‘रन’नंतर विशेषण आले, तर अर्थ ‘होणे’ याकडे झुकतो. विहीर ‘रन्स ड्राय’ म्हणजे आटते, पुरवठा ‘रन्स शॉर्ट’ म्हणजे कमी पडतो आणि गाडी ‘इज रनिंग लेट’ म्हणजे उशिराने धावत असते.

खरा कस लागतो तो ‘रन’ला जोडून येणाऱ्या लहान शब्दांपाशी, आणि येथे घाई करू नये. ‘रन आउट’ म्हणजे संपणे. ज्याच्याजवळची वस्तू संपते, तो माणूस कर्ता असेल, तर पुढे ‘ऑफ’ येते. ‘द मिल्क हॅज रन आउट’ आणि ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ या दोन्ही वाक्यांत दूधच संपलेले आहे. क्रिकेटच्या वर्णनात मात्र तेच ‘रन आउट’ धावचीत होते. ‘रन इंटू’ पुढे माणूस आला, तर त्याची अचानक गाठ पडते, अडचण आली, तर ती उद्भवते आणि भिंत आली, तर तिच्यावर आदळणे होते. ‘रन ओव्हर’चे तर तीन सर्वस्वी वेगळे अर्थ आहेत: वाहनाखाली चिरडणे, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक लांबणे आणि एखाद्या मजकुरावरून झटकन नजर फिरवणे. यांतला कोणता घ्यायचा, हे कर्ता वाहन आहे, सभा आहे की वाचणारा माणूस, यावरून ठरते. बॅटरी ‘रन डाउन’ होते म्हणजे उतरते. माणूस ‘रन डाउन’ असेल, तर तो थकून अशक्त झालेला असतो. ‘रन थ्रू’ म्हणजे उजळणी करणे, ‘रन अप अ बिल’ म्हणजे देणे साचू देणे. निवडणुकीला उभे राहण्यासाठी अमेरिकेत ‘रन फॉर’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये त्याच ठिकाणी ‘स्टँड फॉर’ रूढ आहे.

‘रन’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल, तर ते बहुधा नाम असते. ‘अ ट्रायल रन’ म्हणजे चाचणीची फेरी, ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवीदारांनी घाबरून एकाच वेळी पैसे काढण्यासाठी केलेली गर्दी आणि ‘इन द लाँग रन’ म्हणजे दूरचा विचार करता. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. या शब्दप्रयोगातही ‘रन’ नामच आहे.

एवढे करूनही अर्थ लागला नाही, तर शब्दकोश उघडावा, परंतु ‘रन’ची नोंद पहिल्या ओळीपासून वाचत बसू नये. आपल्या वाक्यात कर्म आहे की जोडशब्द, हे आधी निश्चित करून थेट त्या विभागाकडे जावे. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत अधिक प्रचलित अर्थ साधारणतः आधी येतात, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थांचा क्रम इतिहासानुसार असल्यामुळे पहिला अर्थ आजचा नेहमीचा अर्थ असेलच असे नाही. सापडलेला अर्थ वहीत उतरवताना ‘रन = संपणे’ अशी नोंद करू नये; ज्या वाक्यात तो भेटला ते संपूर्ण वाक्य लिहून त्याखाली सहज मराठीत त्याचा अर्थ लिहावा आणि कर्ता बदलून स्वतःचे आणखी एक वाक्य तयार करावे.