जादूची जुनी पुस्तकं आणि साहित्य : कॉपीराइटच्या या चुका टाळा

पानं पिवळी पडली म्हणजे पुस्तक सगळ्यांचं झालं, हा समज सर्वांत महागात पडतो. पुस्तकाचं वय पाहू नका, लेखक कधी वारला ते शोधा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. १९६५ साली वारलेल्याचं लिखाण १ जानेवारी २०२६ला खुलं झालं. थोरले जादूगार पी. सी. सरकार १९७१ साली गेले; त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण २०३१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. लेखकाचं नावच नसेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून धरा.

निजामाच्या काळातलं एखादं उर्दू पुस्तक नांदेड-परभणीकडच्या जुन्या घरात हाती लागलं आणि ते भाषांतर असेल, तर हिशेब दोनदा करा : मूळ लेखकाचा आणि भाषांतरकाराचा. मूळ खुलं असलं तरी भाषांतर बंद असू शकतं.

विकत घेतलेली जुनी प्रत पुन्हा विकायला हरकत नाही. पण हक्क शिल्लक असताना तिची पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं हे उल्लंघनच, फुकट वाटली तरीही.

युक्ती मात्र कुणाच्या मालकीची नसते. कल्पनेवर कॉपीराइट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच स्पष्ट केलं. तोच प्रयोग स्वतःच्या संवादांत खुशाल करा. दुसऱ्याचे संवाद, आकृत्या, सादरीकरणाची मांडणी उचलू नका. अमेरिकेत टेलर या जादूगाराने आपला सावलीचा प्रयोग १९८३ साली मूकनाट्य म्हणून नोंदवला होता, म्हणून २०१४ साली न्यायालयाने नक्कल करणाऱ्याविरुद्ध त्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कायद्यातही मूकनाट्य येतं, पण नाट्यकृतीच्या व्याख्येतून चित्रपट वगळलेला आहे, आणि व्हिडिओ चित्रपटातच धरतात. त्यामुळे नुसत्या व्हिडिओवर विसंबू नका. हालचाली, वस्तू, क्रम कागदावर उतरवा आणि तारीख घाला. शाळाशाळांतून कार्यक्रम करणारे नेमकं हेच टाळतात.

दुसऱ्याची जादूची पेटी पाहून सुताराकडून तशीच करून घेताना आधी पेटंट (२० वर्षं) आणि डिझाइनची नोंदणी (१० अधिक ५ वर्षं) तपासा. नोंदणी नसलेलं डिझाइन औद्योगिक पद्धतीने ५०पेक्षा जास्त वेळा बनलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पेटीवर रंगवलेलं चित्र, सोबतचं सूचनापत्रक आणि कंपनीचं नाव यांचे हक्क मात्र वेगळे, त्यांची नक्कल करू नका.

वारसांची तोंडी परवानगी पुरत नाही. हक्क लेखी घ्या, सह्या सगळ्या वारसांच्या हव्यात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. छापील आवृत्ती, ई-बुक आणि भाषांतर यांचा उल्लेख करारात वेगवेगळा करा.