छोटा जॉब स्कॅनरखाली ठेवण्याआधीची तयारी

चटईच्या लूमचा नायलॉन गिअर, फवारणी पंपाचा इम्पेलर, जिनिंगमधला एखादा ब्रॅकेट. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत थ्रीडी स्कॅनिंगला, म्हणजे स्कॅनवरून नवा बनवून घ्यायला, येणारा जॉब (सुटा भाग) बहुधा तळहातावर मावणारा, झिजलेला आणि स्पेअर मिळणं बंद झालेला असतो. तो एकटा घेऊ नका. ज्या शाफ्टवर बसतो तो शाफ्ट, ज्याच्याशी दाते अडकतात तो दुसरा गिअर, तुटलेले तुकडे, सगळं मागवा. गिअर एकाच दिशेने फिरत असेल तर दात्याची एकच बाजू झिजते. दुसऱ्या बाजूवरून मूळ आकार काढता येतो, म्हणून मशीनवरून उतरवतानाच फिरण्याची दिशा बिनकामाच्या बाजूवर बाणाने दाखवून ठेवा.

जॉब आदल्या रात्रीच स्कॅनिंगच्या खोलीत आणून ठेवा. मापं २० अंश तापमानाला धरायची असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ४० सहज असतं. तेवढ्या फरकाने ५० मिमीचा पोलादी जॉब जेमतेम ०.०१ मिमी वाढतो, ते खपून जातं. तोच डेलरिन या प्लास्टिकचा असेल तर ०.१ मिमी वाढतो, म्हणजे चांगल्या स्कॅनरची अचूकता फुकट. एसी २४-२५ वर स्थिर ठेवा. कूलर नको: टेबल थरथरतं, धूळ येते, आणि दमट हवेत दिवसेंदिवस पडलेला नायलॉन पाणी शोषून फुगतो. स्कॅनर अर्धा तास चालू ठेवून मगच कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) करा. मध्ये वीज जाऊन खोली तापली, तर कॅलिब्रेशन पुन्हा. स्कॅनर आणि कॉम्प्युटर यूपीएसवर हवेतच.

सफाई रॉकेलने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. प्लास्टिकला थिनर लावू नका, एबीएस विरघळतं आणि पॉलिकार्बोनेट तडकतं. दात्यांच्या बुडाशी ग्रीस आणि सरकीचे तंतू घट्ट बसलेले असतात. टूथब्रश फिरवून तेवढं काढलं नाही, तर स्कॅनमध्ये तोच दात्याचा आकार होऊन बसतो.

आता हाताने मापं घ्या, स्कॅनसाठीचा पांढरा स्प्रे मारण्याआधी. ही पायरी टाळणाऱ्यांचेच पार्ट नंतर ढिले बसतात. बोअर (मधलं भोक), शाफ्टची बैठक, बेअरिंगची जागा ही मापं मायक्रोमीटर आणि बोअर गेजची, स्कॅनची नव्हे. बेअरिंग ६२०२ नंबरचं असेल तर ते १५ × ३५ × ११ मिमी. त्याच्या जागेचा व्यास स्कॅनने ३५.०७ दाखवला, तरी ड्रॉइंगवर ३५ लिहून फिट (किती घट्ट किंवा ढिलं बसवायचं ते) ठरवायचा. साध्या गिअरचे दाते मोजा आणि बाहेरच्या व्यासाला दाते अधिक दोनने भागा. २४ दाते आणि ३२.४ मिमी असतील तर उत्तर १.२४६ येतं, म्हणजे मॉड्युल (दात्याच्या आकाराचं माप) १.२५ आणि व्यास झिजून उतरलेला. आटे पिच गेजने तपासा, स्कॅनमध्ये ते नीट येतच नाहीत.

चकचकीत, काळ्या आणि पारदर्शक जॉबला स्प्रे लागतो. वेल्डिंगच्या तडा-तपासणीचा पांढरा डेव्हलपर स्वस्त पडतो, पण थर जाड आणि असमान बसतो. लहान दात्यांसाठी टायटेनियम डायऑक्साइड अल्कोहोलमध्ये कालवून एअरब्रशने मारलेलं बरं. खालचा रंग किंचित दिसत राहील इतपतच मारा, आणि मास्क लावून. आपोआप उडून जाणारा स्प्रे वापरत असाल तर मांडणी पूर्ण झाल्यावरच मारा, उष्णतेत तो लवकर उडतो.

मांडणी अशी: काळी मॅट प्लेट, तिच्यावर स्कॅनरला खूण म्हणून चिकटवायच्या मार्करच्या गोल टिकल्या वेड्यावाकड्या अंतरांवर, आणि जॉब क्लेच्या गोळीवर साधारण १५ मिमी उंच, म्हणजे खालची कडही दिसते. टिकल्या कामाच्या पृष्ठभागावर लावू नका, तिथे स्कॅनमध्ये भोक पडतं. गिअरचे सगळे दाते सारखेच, त्यामुळे सॉफ्टवेअर एका दात्यावर शेजारचा चढवून टाकतं. शेजारी क्लेचा एखादा वाकडातिकडा गोळा ठेवला की ते फसत नाही. उलटून दुसरी बाजू घ्याल तेव्हा जॉबची कड दोन्ही स्कॅनमध्ये भरपूर दिसायला हवी. व्यासापेक्षा खोल बोअरमध्ये उजेड आणि कॅमेरा दोन्ही एकदम पोहोचत नाहीत. दातांच्या डॉक्टरांचं ॲडिशन सिलिकोन त्यात भरून ठसा काढा आणि तो स्कॅन करा.

शेवटी तपासणीचा तुकडा: १० मिमीचा बेअरिंगचा छर्रा, तसाच स्प्रे मारून, जॉबच्या आधी एकदा आणि नंतर एकदा स्कॅन करायचा. दोन्ही व्यास जुळले नाहीत तर मधलं काम रद्द. स्कॅन ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलं नसतं, समोरच्याने इंच धरून उघडली तर जॉब २५.४ पट होतो. म्हणून फाइलच्या नावातच मिमी लिहा, आणि हाताने घेतलेल्या मापांचा कागद बरोबर पाठवा.