पळायचं तर गाडी उभी करा

आमच्या सिनेमाची गोष्ट एवढीच होती: तिघे दोस्त भिशीचे पैसे घेऊन पळतात. आमच्याकडं मेव्हण्याची जुनी ओम्नी, दोन मोबाईल आणि शर्टाला लावायचे दोन माइक. असा कॉमेडी सिनेमा करायचा असेल तर आधी रस्ता बघून या आणि मग गोष्ट लिहा. आम्ही उलटं केलं आणि निम्मं खोडलं.

वाट म्हणाल तर बेळगावातून वेंगुर्ला रोड. पळणाऱ्यांना शहर सुटता सुटता हिंडलग्याचं जेल लागतं, आणखी काय पाहिजे? जेलवर मात्र कॅमेरा धरू नका, उगाच खरंच आत जाल. तिघांच्या तोंडावर धरा. मागच्या सीटवरचा गडी हळूच खाली सरकला की बाहेर काय आहे ते पब्लिकला कळतं. पुढं शिनोळी आली की महाराष्ट्र. कन्नड पाट्या जाऊन मराठी लागतात आणि आपली केए २२ ची नंबरप्लेट एकदम परकी दिसायला लागते. हा सीन फुकटात होतो.

डायलॉग चालत्या गाडीत घेऊ नका. ओम्नीत इंजिन सीटखालीच असतं, माइकमध्ये घरघरीशिवाय काही येत नाही. गाडी बांधावर लावा, इंजिन बंद करा, काचा वर घ्या. इंजिनाचा आवाज नंतर वेगळा पाच मिनिटं रेकॉर्ड करून डायलॉगखाली जोडा. कॅमेरा इतका खाली ठेवा की खिडकीतून नुसतं आभाळ दिसावं. दोघांनी मागचा बंपर धरून गाडी हलवायची, अगदी हलकी. जोर लावला की बैलगाडी वाटते. तिसऱ्यानं उसाचं वाढं, म्हणजे पाल्याचा शेंडा, उन्हाच्या आड धरून पुढून मागं न्यायचं, झाडाची सावली सरकल्यासारखी दिसते. रात्री तेच काम टॉर्चनं. तोंडं काळी येत असतील तर नटांच्या मांडीवर पांढरं धोतर पसरा. डॅशबोर्डवर पसरलंत तर समोरच्या काचेत धोतरच दिसेल.

मोबाईल सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर हॉटेलातली ट्यूबलाइट पडद्यावर फडफडते.

पोलिसांचा सीन लिहिताना एक बघा. हवालदार दरडावून विचारतो, ‘एल्ली होंटीरी?’ म्हणजे कुठं निघालात? आपला हिरो घाबरत घाबरत मोडकं कन्नड जुळवतो, आणि हवालदार म्हणतो, ‘मराठीत बोला की पावणं.’ आमच्याकडं रोज घडतं हे. खऱ्या पोलिसांना मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि गावातल्या चार माणसांनाही. आमचा नट बॅग घेऊन गल्लीतून पळाला तेव्हा गावकऱ्यांनी धरून देवळात बसवला होता. चहा दिला, पण सोडला तासाभरानं.

पाठलागाला वेग लागतो हा गैरसमज आहे. चिक्कोडीकडं गाळपाच्या दिवसांत जा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं, त्याच्यामागं आपले पळपुटे, त्यांच्यामागं भिशीवाल्या मावशी रिक्षात. कुणालाच पुढं जाता येत नाही. मावशी रिक्षातून शिव्या देतात, पळपुटे आरशात बघून नमस्कार करतात.

पण उसाच्या फडातला सीन त्याच दिवशी संपवा. आमचे तिघे फडात शिरून लपले, बाहेर यायचा शॉट पुढच्या रविवारी ठेवला. गेलो तर ऊसतोड टोळीनं फड तोडून नेलेला, नुसती खोडकी. नट बघतच राहिला. ‘आरं, ऊस कुठं गेला?’ कॅमेरा चालू होता. तेच ठेवलं.