जुन्या बुलेटच्या फोर्कचे भलतेच बोल्ट बदलताना

जुन्या बुलेटच्या पुढच्या फोर्कला चार मेकॅनिकनी चार जातीचे बोल्ट ठोकलेले असतात, ते बदलायचेत तर आधी आटे बघा, डोकं नको. 5/16 इंच म्हणजे 7.94 एमएम, त्यामुळे 8 एमएमचा बोल्ट बसल्यासारखा वाटतो पण त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 एमएम आणि बीएसएफला (जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांचं माप) इंचात 22 आटे, म्हणजे पिच साधारण 1.15 एमएम, दोन फेऱ्यांत अडकतो आणि मग पाना लावून दाबला की संपलं, आतले आटे गेले! पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायचं साधन) घ्याच, स्वस्त मिळतं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली ठोकळा, आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल. एका वेळी एकच बोल्ट काढा. नवीन बोल्ट निदान तीन-चार फेऱ्या नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. आणि चकचकीत दिसतात म्हणून साधे स्टेनलेस स्टीलचे नको, त्यांचा ए2-70 हा ग्रेड नेहमीच्या पोलादी बोल्टच्या 8.8 ग्रेडपेक्षा कमजोरच.