ऊस ओढताना ट्रॅक्टर डिझेल जास्त खातोय? या चुका टाळा

तीन हंगामांपूर्वी, ऐन डिसेंबरात, माझा ट्रॅक्टर एकाएकी डिझेल जास्त खायला लागला. रान तेच, कारखाना तोच, ड्रायव्हरही तोच. पण खेपेमागं दोन-तीन लिटर जास्त. मी सरळ इंजिनाचा डिझेल पंप उतरवला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात टेस्टिंगला नेला. दोन दिवस गाडी दारात उभी, तोडणीची टोळी बसून. टेस्टिंगवाल्यानं पंप मशीनवर लावून पाहिला आणि म्हणाला, "पंपात काही नाही मालक, मागं बघा."

मागं म्हणजे ट्रॉलीत. दुसऱ्या ट्रॉलीचं डावं मागचं चाक जॅकवर उचललं, तर हातानं फिरेना. ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटलेला, बेअरिंग कोरडं, ग्रीस जळून काळं पडलेलं. दोन तासांचं काम होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: ऊस वाहतुकीत डिझेल वाढलं की इंजिनाला हात लावायच्या आधी ट्रॉली बघा, रान बघा आणि कारखान्याच्या आवारातली रांग बघा. जास्तीत जास्त डिझेल तिथंच जातं.

'लिटरला किती किलोमीटर' हा हिशेबच चुकतो

मोटारसायकलचा हिशेब आपण ट्रॅक्टरला लावतो. पण ट्रॅक्टर अर्धा वेळ भरलेला असतो, अर्धा वेळ रिकामा, आणि मधले कितीतरी तास नुसता उभा. किलोमीटरमागचं ॲव्हरेज यातलं काहीच सांगत नाही. हिशेब टनावर मांडा. पंधरवडा सुरू होताना टाकी काठोकाठ भरा, गाडी सपाट जागेवर उभी करून. पंधरवडा संपला की त्याच पंपावर, तशीच उभी करून पुन्हा काठोकाठ भरा. मधल्या सगळ्या डिझेलला कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांवरच्या एकूण टनांनी भागा. आलेला आकडा वहीत लिहा. वाहतुकीचं बिल पंधरवड्यालाच निघतं, त्यामुळं कागद हाताशीच असतात. रान लांबचं की जवळचं, तेही शेजारी लिहून ठेवा. नाहीतर दोन पंधरवड्यांची तुलना करताना फसाल.

आकडा फुगला, की कुठं फुगला ते शोधायचं. त्यासाठी ओढीचं गणित थोडं माहीत हवं. चांगल्या डांबरी रस्त्यावर सपाटीला एक टन वजन चालतं ठेवायला साधारण १५ ते २० किलोची ओढ लागते. तेच वजन मऊ, ओल्या रानात १०० किलोच्या पुढची ओढ मागतं. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरा. डिझेलमधल्या ताकदीचा जेमतेम चौथा भाग चाकापर्यंत पोचतो असं धरलं, तर सपाट डांबरावर किलोमीटरला ४०० मिलीच्या आसपास डिझेल लागतं. १० मीटर उंचीचा चढ चढायला वर आणखी २०० मिली. आणि २५ च्या वेगानं चाललेली गाडी पूर्ण थांबवून पुन्हा त्याच वेगावर आणली, की दर वेळी सुमारे ५० मिली. वीस वेळा ब्रेक मारून थांबलात, तर एक लिटर गेलं. पुढं काय विसरलं तरी हे चार आकडे लक्षात ठेवा.

ट्रॉलीकडे दुर्लक्ष

ट्रॅक्टरला आपण सर्व्हिसिंग करतो, दसऱ्याला पूजा करतो. ट्रॉलीला हंगामाच्या सुरुवातीला रंग देतो आणि रिफ्लेक्टर चिकटवतो, बस्स. पण वजन तिच्यावर असतं आणि रस्त्यावर टेकलेली बहुतेक चाकं तिचीच असतात.

सोपी परीक्षा सांगतो. रिकामी ट्रॉली सपाट डांबरावर सोडा, चाकांना दगड लावून ठेवा, पिन काढा, मग दगड बाजूला करा. दोन माणसांनी जोर लावला की ती हलली पाहिजे आणि एकदा हलली की सहज चालत राहिली पाहिजे. चार माणसं लागली, तर कुठंतरी चाक धरलंय. मग एकेक चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवा. घासल्याचा आवाज आला तर ब्रेकचं सेटिंग बघा; खरखर आली तर बेअरिंग. चाक वर-खाली हलवून ढिलाई बघा. बेअरिंग फार आवळलं तरी ते डिझेल खातं आणि फार ढिलं ठेवलं तरी वाया जातं.

रोजची परीक्षा याहून सोपी. कारखान्यावर पोचल्यावर उतरायचं आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, आधी हाताची पाठ न्यायची. धग नसेल तरच हात टेकायचा. सगळे हब सारखेच कोमट लागले पाहिजेत. एखादाच चटका देत असेल, तर त्या चाकावर तुमचं डिझेल जळतंय.

हवा हा दुसरा मुद्दा. ट्रॉलीच्या टायरात हवा कमी असली की टायर चपटा होतो, दर फेऱ्याला वाकतो, तापतो आणि ओढ वाढते. "दिसायला तर बरा दिसतोय" यावर विसंबू नका. ट्रकच्या जाड टायरात हवा बरीच उतरली तरी डोळ्यांना कळत नाही. टायरच्या बाजूला भार आणि हवेचा जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्याच्या हिशेबात हवा ठेवा आणि आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, मीटरनं तपासा. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरांचं मात्र उलटं आहे: रानात हवा थोडी कमी बरी, रस्त्यावर थोडी जास्त. पुस्तकात दोन्ही आकडे दिलेले असतात. रानात पकडीसाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून महिनाभर डांबरावर पळवली, तर डिझेलही जातं आणि टायरची नक्षीही.

ट्रॉली मागून बघा. ती ट्रॅक्टरच्या मागं सरळ रेषेत येते की तिरपी चालते? एक्सल वाकला असेल किंवा स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला असेल, तर चाकं रस्त्यावर घासत ओढली जातात. टायर एका कडेनं करवतीच्या दातासारखा झिजला असेल, तर हेच कारण.

रानातच अर्धी लढाई

पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठची काळी, गाळाची रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. वर कोरडं दिसतं, खाली पाय रुततो. दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम बाहेर काढायचा हट्ट करणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. चाक जागेवर फिरतं, पुढचं तोंड उचलतं, मग दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा, साखळी लावून टोचन करायचं. दोन इंजिनं फुल रेसवर आणि गाडी वावभरसुद्धा पुढं सरकत नाही. एकेक ट्रॉली पाणंदीपर्यंत आणा, कठीण जागेवर उभी करा, मग जोडा. दहा मिनिटं जास्त लागतात.

शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवणं याहून महत्त्वाचं. तोडीच्या आधी दोन आठवडे तरी उसाचं पाणी तोडलेलं हवं. आठ दिवसांवर तोड असताना पाणी दिलं, की वाफसा येत नाही, म्हणजे रान गाडी चालण्याइतकं सुकत नाही, आणि त्याची किंमत वाहतूकवाला डिझेलात भरतो. शेतकऱ्याचंही नुकसानच होतं; चाकोऱ्या खोल पडतात आणि खोडव्याचे, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, बुडखे चेंगरतात. तोडणी टोळीच्या मुकादमाबरोबर रानात एक चक्कर मारा, बाहेर पडायची वाट कुठून हे तोडीआधी ठरवा आणि नरम पट्ट्यावर पाचट जाड अंथरून घ्या. गाडी रुतल्यावर पाचट टाकून काही होत नाही.

चाक किती घसरतंय हेही मोजता येतं. मागच्या टायरला खडूनं खूण करा. रिकाम्या ट्रॅक्टरनं चाकाच्या दहा फेऱ्यांत जेवढं अंतर जातं, तेवढं अंतर भरलेली ट्रॉली ओढताना किती फेऱ्यांत जातं ते मोजा. साडेअकरा फेऱ्यांपर्यंत चालेल. तेरा-चौदा लागल्या, तर टायर तरी गुळगुळीत झालेत किंवा मागच्या चाकांवर वजन कमी पडतंय. तिथं चाकाला वजनं लावणं किंवा टायरात पाणी भरणं कामाला येतं. पण वजन वाढवून पुढचा सगळा प्रवास डांबरावर ते वाहत न्यायचं, हे लक्षात घेऊन बेतानं करा. फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर रस्त्याला लागताच ती बंद करा.

जादा भरण्याबद्दल स्पष्ट बोलतो. पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉलीवर मोळ्या चढवत जायचा मोह सगळ्यांनाच होतो. एका मर्यादेपर्यंत टनामागचं डिझेल कमी होतंही, कारण परतीची रिकामी खेप जास्त टनांवर वाटली जाते. ती मर्यादा ट्रॉलीच्या क्षमतेवर संपते. त्यापुढं टायर दबतात, चाक घसरतं, चढावर पहिला गिअर लागतो, आणि ब्रेक लागला नाही तर माणसं जातात. टायर आणि पाट्यांचा खर्च वहीत डिझेलच्या शेजारी लिहून बघा. जादा दोन टनांचा फायदा त्यातच विरतो.

रांगेत चालू इंजिन

गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, नंबर लागेपर्यंत कारखान्याच्या आवारात तीन-चार तास सहज जातात. त्यात कितीतरी ट्रॅक्टर चालूच असतात. उभ्या ट्रॅक्टरचं डिझेल तासाला लिटरभर धरा. चार तासांत चार लिटर, म्हणजे भरल्या गाडीचे नऊ-दहा किलोमीटर.

ड्रायव्हरला आळशी म्हणायच्या आधी त्यानं इंजिन का बंद केलं नाही हे विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तर एकच असतं: "बंद केला तर सुरू होत नाही, दादा." बॅटरी उतरलेली, टर्मिनलवर पांढरं साचलेलं, नाहीतर सेल्फचे (स्टार्टरचे) कार्बन झिजलेले. आपल्याकडं टेप आणि भोंगेही असतात, तेही त्याच बॅटरीवर रात्रभर. रांगेत मागून हॉर्न सुरू झाले आणि आपली गाडी धक्क्यावर चालू करायची वेळ आली, की पुढच्या खेपेपासून ड्रायव्हर बंदच करत नाही. म्हणून बॅटरी आणि सेल्फ दुरुस्त ठेवणं हे मी डिझेल बचतीतलं पहिल्या नंबरचं काम मानतो. टेपला वेगळी बॅटरी दिली तर आणखी बरं.

चालवताना

रिकाम्या परतीला वरचा गिअर आणि कमी रेस. रिकाम्या ट्रॉल्या ओढायला इंजिनाची पूर्ण रेस लागत नाही. भरल्या गाडीला चढाच्या पायथ्यालाच खालचा गिअर टाका. अर्ध्या चढावर, इंजिन गुदमरून काळा धूर ओकायला लागल्यावर नव्हे. चौक किंवा गतिरोधक लांबून दिसला की रेस सोडा आणि गाडीला तिच्या वजनावर येऊ द्या. वर सांगितलेले ५० मिली इथं वाचतात.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणारे आजही आहेत. यात एक थेंबही वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून रेस सोडली, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंपातला गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला डिझेल लागतं. शिवाय मागं १७-१८ टन रेटत असताना इंजिनाचा ब्रेक आपण स्वतःच काढून टाकलेला असतो. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला आडवी पाडते ती अशाच उतारावर. हे कृपा करून करू नका.

क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असेल, तर क्लच हळूहळू घसरतो. रेस वाढते पण गाडी वाढत नाही, ही त्याची खूण.

इंजिनाकडं शेवटी, पण नीट

आता इंजिन. एअर क्लिनर आधी. उसाच्या फडात पाचटाचा भुसा आणि रस्त्यावर धूळ, त्यामुळं पुस्तकातल्या मुदतीची वाट बघू नका. ऑइलचा क्लिनर असेल तर वाटीत खुणेपर्यंतच ऑइल ठेवा. कोरडा असेल तर हवा आतून बाहेर मारा, तीही बेतानं. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. डिझेल फिल्टर धुऊन पुन्हा लावू नका. कॅननं डिझेल भरत असाल तर जाळी लावून भरा. टाकीखाली किंवा पाइपच्या जोडाला सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या आसपास जातं. जोडाखाली रात्री पुठ्ठा ठेवला की सकाळी कळतं.

धूर वाचायला शिका. ओढीवर सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: क्लिनर, मग नॉझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा राहिला, तर नॉझल नीट फवारत नाही किंवा पाणी आत येतंय.

दोन उद्योग मात्र कधीही करू देऊ नका. पहिला, गाडी तापते म्हणून इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून फेकणं. त्यानं इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त लागतं आणि सिलिंडरचे लायनर लवकर झिजतात. तापण्याचं खरं कारण बहुतेकदा रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट असतं. दुसरा, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणं. "जरा पंप वाढवून देतो, चढावर पळंल," असं कुणी म्हटलं की हात जोडा. आत येणारी हवा तेवढीच राहते, त्यामुळं वाढवलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, धुरातून निघून जातं आणि उरलेलं ऑइल पातळ करतं.

शेवटचं ड्रायव्हरबद्दल. डिझेल मालकाचं आणि पगार खेपेवर, असं असेल तर हळू चालवण्यात त्याचा काय फायदा? मी गेल्या हंगामापासून वहीतला टनामागचा आकडा आमच्या ड्रायव्हरला दाखवतो. आधीच्या पंधरवड्यापेक्षा जेवढं डिझेल वाचेल, त्याचे निम्मे पैसे त्याचे. आता हबला हात लावून बघायला मला कारखान्यावर जावं लागत नाही. कुठलं चाक तापलंय ते तोच फोन करून सांगतो.