मालिका सोडायची केव्हा आणि कशी

माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. पडद्यावरची हालचाल कळते, चेहरे ओळखू येत नाहीत. त्यामुळे बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी, रात्री आठची मालिका मी पोळ्या करता करता बघायची आणि नंतर त्यांना सांगायची, असं चालायचं. मध्ये कुणी आलं की सांगायचं राहून जाई, म्हणून मी एक वही केली. मालिका कधी उतरणीला लागली ते मला त्या वहीनंच दाखवलं. तुमच्याही घरी एखादी मालिका वर्षानुवर्षं चालू असेल तर हे करून बघा.

भाग संपला की त्यात काय घडलं तेवढंच लिहा. कोण रडलं, कोण चिडलं, ते नको. सुरुवातीला नव्हतं आणि शेवटी झालं, असं काय ते लिहायचं. आमच्या मालिकेच्या पहिल्या महिन्यात एकेका भागाला अर्धं पान लागलंय: मुलीला नोकरी लागली, घराचे कागद सापडले, दीर खोटं बोलला आणि ते फक्त धाकट्याला कळलं. तिसऱ्या वर्षातलं एक पान असं आहे:

सोमवार – सून पूजेचं ताट घेऊन निघाली.
मंगळवार – ताट पडलं.
बुधवार – ताट कुणी पाडलं?
गुरुवार – तेच.

गुरुवारी मी सांगायला बसले तर आई म्हणाल्या, "हे काल सांगितलंस की गं." खरंच सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या दिवसभर आठ वाजायची वाट बघत असत.

आठवडाभराची गोष्ट तीन ओळींत मावायला लागली की मालिका थकली असं समजा. मात्र एकाच आठवड्यावरून ठरवू नका. गणपतीत, दिवाळीत सगळ्याच मालिका रेंगाळतात. सलग चार आठवडे पाहा.

दुसरी परीक्षा कानांची. टीव्हीकडे पाठ करून नुसतं ऐका. ते ताट पडलं त्या दिवशी माझ्या दोन पोळ्या भाजून झाल्या तरी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. नुसतं ढॅण ढॅण संगीत, आणि कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीनदा.

यात लिहिणाऱ्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तरी वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि ती आठवड्यातून पाच-सहा वेळा भरायची. त्यात गोष्ट कुठे संपणार हेच ठरलेलं नसतं. 1987 साली सुरू झालेलं दूरदर्शनवरचं 'रामायण' 52 भागांचं ठरलं होतं, ते वाढून 78 झालं; पण कथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून तोल गेला नाही. रोजच्या मालिकेचा शेवट दर आठवड्याचा टीआरपी ठरवतो. आकडा चांगला असेपर्यंत संपवायचं नाही, आणि पडला की घाईघाईनं गुंडाळायचं.

मग लीप येतो, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते; गेलेला माणूस परत येतो. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' 2000 ते 2008 चालली, 1833 भाग. त्यातला मिहीर मेला तेव्हा घरोघरी लोक हळहळले, आणि पुढे तो परत आला. मला विचाराल तर त्यानंतर त्या गोष्टीत मरणाला वजन राहिलं नाही. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' मध्ये दया 2017 साली मालिकेतून बाहेर पडली ती नियमित परतलीच नाही, पण ती येणार, येणार म्हणत कितीतरी भाग गेले. आपल्या मालिकेत असं वाट बघायला लावणं सुरू झालं की वहीत तारीख घालून ठेवा.

आता सोडायचं कसं. घरात म्हातारं माणूस असेल तर एकदम बंद करू नका. आठ वाजता मालिका म्हणजे आईंच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ होती. मी मालिका लावणं बंद केलं आणि पहिल्याच रात्री थेंब राहिले. तेव्हा वेळ तीच ठेवा, फक्त गोष्ट बदला. सयाजीरावांनी 1910 साली सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकं मिळतात. मी तिथून एक कादंबरी आणली आणि रोज आठला, थेंब घालून झाले की, एक प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. शेवटची पानं किती उरलीत ते आई हातानं चाचपून बघतात. पहिले चार दिवस त्या कंटाळल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "थांबू नकोस, अजून थोडं वाच."

महिन्याभरानं त्यांनी विचारलं, "त्या सुनेचं पुढे काय झालं गं?" समोरच्या वहिनी अजून बघतात, त्यांना विचारून आले. ताट जावेनं पाडलं होतं. तिनं अजून कबूल केलं नव्हतं.