जुन्या एमजीबीतला तळ्यात-मळ्यात करणारा इलेक्ट्रिकल फॉल्ट : शोधताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एम-फोर मोटरवेवर रेडिंग सोडून स्विंडनच्या दिशेने निघालं की पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही, गाडी एकदम मस्त, आणि मग साठ मैलाच्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवलेला असताना इंजिन हिसके द्यायला लागायचं. पाय जोरात दाबला की गायब. गॅरेजला नेली की गायब. दारात उभी करून तासभर चालू ठेवली तरी काही नाही. माझी १९७१ ची एमजीबी जीटी, आणि हा प्रकार सात महिने चालला. त्या सात महिन्यांत मी ठिणगीसाठीची कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग, प्लगच्या लीड, पेट्रोल पंप सगळं बदललं, आणि शेवटी सापडली ती बोटभर लांबीची एक वायर. ती कुठली ते शेवटी सांगतो, कारण तिथपर्यंत पोचायचा रस्ता जास्त महत्त्वाचा आहे आणि त्या रस्त्यात मी जेवढ्या चुका केल्या तेवढ्या तुम्ही करू नयेत असं मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमजीबी ही ब्रिटिश टू-सीटर स्पोर्ट्स कार, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांवर गाड्या निघाल्या. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, म्हणजे आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरमधल्या १४८९ सीसी इंजिनाचं भावंडच. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, वायरिंग डायग्राम एका पानावर मावतो. त्यामुळे वाटतं की सोपं असेल, आणि सोपं आहेच, फक्त त्या वायरिंगला पन्नास वर्षं होऊन गेलीयत.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत सुटणं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. यात पैसे जातात ते जातातच, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की नवीन पार्ट बसवताना तुम्ही आजूबाजूची चार कनेक्शन हलवता, काढून परत घालता, आणि त्या घासण्याने खराब कनेक्शन दोन आठवडे नीट चालतं. मग तुम्हाला वाटतं कॉइलच खराब होती, जिंकलो! पंधरा दिवसांनी परत तेच. माझं हे तीनदा झालं. शिवाय आता मिळणारे नवीन कंडेन्सर आणि रोटर आर्म सगळेच चांगले असतात असं नाही, म्हणजे एक फॉल्ट शोधताना तुम्ही दुसरा विकत आणून बसवू शकता, आणि मग दोन फॉल्टची लक्षणं एकमेकांत मिसळली की डोकं चालत नाही. जुना चालू पार्ट काढलात तर फेकू नका, चिठ्ठी लावून डिकीत ठेवा.

दुसरी चूक, फॉल्ट समोर असताना त्याच्याकडे न बघणं. गाडी बंद पडली की माणूस घाबरतो, बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, आणि तोपर्यंत फॉल्ट गेलेला असतो. खरी माहिती त्या दोन-चार सेकंदांत असते. टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघा! गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि तरीही टॅकोचा काटा धप्पकन शून्यावर पडला किंवा उड्या मारायला लागला तर इग्निशनचा लो टेन्शन (कॉइलला जाणारा १२ व्होल्टचा) करंट तुटतोय: स्विच, पांढरी वायर, कॉइल, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, आतलं काहीतरी. काटा स्पीडबरोबर शांतपणे खाली येतोय आणि इंजिनात जीव नाही तर बहुतेक पेट्रोल. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी गाडी यादीतून बाहेर जाते. मी सात महिन्यांतले पाच महिने रस्त्याकडे आणि टेम्परेचर गेजकडे बघत होतो.

आणि वही ठेवा. इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, लाइट लावलेले होते का, वळणावर झालं की सरळ रस्त्यावर, पाय किती दाबलेला होता. कंटाळवाणं आहे पण पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांच्यातलं साम्य आपोआप दिसायला लागतं.

आता मल्टीमीटरची चूक, यावर जरा जास्त लिहितो कारण मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. समजा पंपाला येणाऱ्या वायरच्या आतले सगळे धागे सडले आणि एकच उरला. पंपाची जोडणी काढून तुम्ही मीटर लावलंत तर मीटर काय दाखवणार? १२.६ व्होल्ट, एकदम ओके. कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि त्या एका धाग्यातून तेवढा आरामात जातो. पंप जोडला की त्या धाग्याला लोड झेपत नाही आणि व्होल्टेज कोसळतं. म्हणून वायर तपासायची तर लोड लावून तपासायची. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा, टोकांना क्लिप लावा, झाला टेस्ट लॅम्प. तो साधारण पावणेदोन अँप ओढतो. बल्ब लखलखीत लागला तर वायर खरंच चांगली, पिवळट लागला तर वाटेत कुठेतरी गडबड आहे. लहानपणी सांगलीत काकांची अ‍ॅम्बेसेडर बघायला यायचा तो वायरमन, त्याच्याकडे मीटर नव्हतंच, नुसता बल्ब आणि दोन वायरी, आणि तो वीस मिनिटांत फॉल्ट काढायचा. तेव्हा वाटायचं गरिबीमुळे असेल. आता कळतं की तो बरोबर करत होता.

मीटर कशासाठी वापरायचं, तर व्होल्टेज ड्रॉपसाठी. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट, खराब. लाइटसाठी असंच करा, बल्बच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, लाइट चालू असताना, तिथे ०.२ च्या वर मला चालत नाही. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत सीटच्या मागे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, मध्ये एक जोड केबल, म्हणजे चार पोल आणि चार क्लॅम्प, आणि ते सगळं अशा खड्ड्यात जिथे खालून रस्त्याचं पाणी उडतं आणि वरून कोणी महिनोन्‌महिने बघत नाही. आधी तिथे जा.

अर्थचंच बोलतोय तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली वेणीसारखी पट्टी विसरू नका. क्लच बदलताना कोणीतरी ती काढतं आणि परत लावायची राहते. मग सेल्फचा करंट जातो कुठून? चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही बघू नका, पट्टी शोधा. आणि मागचा इंडिकेटर लावल्यावर टेललाइट त्याच तालात मंद होत असेल तर बल्ब बदलू नका, तो त्या दिव्याचा अर्थ आहे. बॉडीचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन.

फ्यूजबद्दल. ही चूक नुसती त्रासाची नाही, आगीची आहे. लुकस ही या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी; तिच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज उडायचा आहे. सतत सोसायचा आकडा १७ अँप. आजच्या पात्याच्या फ्यूजवर लिहितात तो आकडा सतत सोसायचा असतो. म्हणजे ३५ वाचून तुम्ही आजचा ३५ बसवलात तर फ्यूजच्या आधी हिरवी वायर जळणार. वरून एमजीबीतल्या जाड ब्राऊन वायरींना तर मुळात फ्यूजच नाही, त्या बॅटरीकडून थेट येतात, किल्ली काढली तरी जिवंत असतात. डॅशबोर्डच्या मागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची केबल काढा. कट-ऑफ स्विच बसवला नसेल तर बसवा. इंग्लंडमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटी (दरवर्षीची सरकारी तपासणी) लागत नाही, म्हणजे वर्षातून एकदा दुसरं कोणीतरी बघून जायचं तेही बंद झालं, आता जबाबदारी आपलीच.

फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज चांगला असूनही सप्लाय तुटतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फ्यूज धरणाऱ्या पितळी क्लिपा सैल पडतात, काळ्या होतात, आणि मागचे रिव्हेट सुद्धा. वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, पेट्रोल गेज हे सगळं एकदम गेलं आणि खड्ड्यातून गाडी गेल्यावर एकदम आलं, तर चार वेगळे फॉल्ट शोधू नका. त्या सगळ्या हिरव्या वायरी, एकाच फ्यूजवर. इथे रंग पाठ असायचा फायदा होतो: ब्राऊन म्हणजे कायम जिवंत, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर पण बिनफ्यूजची, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज दोन्हीनंतर, जांभळी म्हणजे कायम जिवंत पण फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ, लाल साइड लाइट, निळी हेडलाइट. अर्ध्या तासात पाठ होतं. आधीच्या मालकाने मध्येच कुठे भलत्याच रंगाची वायर घातली असेल तर तीही लगेच डोळ्यात भरते, आणि माझ्या अनुभवात फॉल्ट त्या बाहेरून आलेल्या वायरीच्या आसपासच जास्त सापडतात.

त्या बाहेरून आलेल्या वायरी बहुतेकदा निळ्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी जोडलेल्या असतात, जे वायर न कापता वरून दाबून बसवतात. ते काढाच. ते पाती घालून तांब्याचे काही धागे कापतात, आत पाणी जातं आणि हिरवट कीट चढतो. मूळचे बुलेट कनेक्टर (गोळीसारखं टोक नळीत दाबून बसवायची जोडणी) मात्र चांगले आहेत, उगाच शिव्या खातात. बुलेट ओढून काढा, बारीक पॉलिश पेपरने घासा, रबराच्या आतली नळी ढिली झाली असेल तर नवीन घाला, व्हॅसलीन लावून परत दाबा. लुकसला इकडे अंधाराचा राजपुत्र म्हणून चिडवतात, मला ते अन्यायाचं वाटतं, पन्नास वर्षं चिखलात राहिलेलं कुठलंही कनेक्शन असंच वागणार.

पटकन दोन गोष्टी. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल बॉडीला जोडलेला, त्यात आजचा रेडिओ किंवा चार्जर लावण्याआधी बघून घ्या. आणि १९७४ नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्यांत कॉइल बॅलास्टची, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारी असते, तिथे साधी १२ व्होल्टची बसवली तर ठिणगी कमजोर, आणि उलट केलंत तर कॉइल तापून मरते.

माझा फॉल्ट. पाच महिन्यांनी टॅकोकडे बघितलं, काटा उड्या मारत होता, म्हणजे लो टेन्शन. वहीत बघितलं तर प्रत्येक नोंदीत पाय हलका. हलक्या पायावर काय बदलतं? व्हॅक्यूम! कार्ब्युरेटरकडून येणारी नळी डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट फिरवते आणि ठिणगी अ‍ॅडव्हान्स करते, म्हणजे जरा आधी पाडते. पाय दाबला की व्हॅक्यूम जातो, प्लेट परत येते, आयडलला तर ती हलतच नाही, म्हणून गॅरेजमध्ये कधी दिसलं नाही. त्या फिरत्या प्लेटला आणि डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला जोडणारी एक छोटी कापडी वेष्टणाची अर्थ वायर असते. बाहेरून धडधाकट दिसत होती. मीटर ओहमवर लावलं, एक पिन प्लेटवर एक बॉडीवर, आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढली. प्लेट फिरली, आकडा शून्यावरून उडाला. सोडली, परत शून्य. आतले धागे तुटलेले, कापडाने नुसतं एकत्र धरलेलं.

नवीन घालताना साधी वायर घालू नका, दिवसभर हलून महिन्यात तुटेल. मऊ, बारीक पुष्कळ धाग्यांची लागते, तयार मिळते. आणि सोल्डर वायरीत वर चढू देऊ नका, चढला तिथे ती कडक होते आणि तिथूनच मोडते.

यानंतरची चूक म्हणजे लगेच दुरुस्त झाली असं जाहीर करणं. ज्या परिस्थितीत फॉल्ट यायचा तीच परत उभी करा. मी एम-फोरवर तोच पट्टा, तोच स्पीड, तोच हलका पाय, इंजिन तेवढंच गरम, असं तीन वेगवेगळ्या दिवशी केलं, त्यातला एक पावसाचा. चौथ्या रविवारी बायकोला घेऊन स्विंडनला न वळता सरळ बाथपर्यंत गेलो आणि काटा जागचा हलला नाही.